एकाच वेलाची दोन चित्रं

शरयूनं दोन्ही कागद खिडकीच्या गजांशी नेले, एकावर एक ठेवले आणि उजेडात धरले. वरचा वेल खालच्या वेलावर जवळजवळ थेट जाऊन बसला. देठाचा मधला बाक तोच. खालून चौथ्या पानाला अळीनं कुरतडून पाडलेली खाचही तीच, आणि त्याच पानाचं तुटलेलं शेपूटही तेच.

"अन्नपूर्णाबाई, हा एकच वेल आहे."

"कळलावी ती कळलावी," मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अन्नपूर्णाबाई मान वर न करता म्हणाल्या. "बुलढाण्याची काय अन् देऊळघाटची काय."

"तसं नाही. दोघींनी एकच उपटलेला वेल समोर ठेवून काढलाय. हे पान बघा."

अन्नपूर्णाबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, पाहिलं, आणि "असेल, एकाच घरातल्या ना त्या," म्हणून पुन्हा आपल्या ढिगाकडे वळल्या.

दसऱ्याआधी बुलढाण्याला सरकारी शेतकी प्रदर्शन भरायचं होतं. डिप्टी कमिशनरांच्या मडमेच्या हातून बक्षिसं मिळणार म्हणून त्यात बायकांचा एक कोपरा काढला होता आणि चित्रांसाठी विषय दिला होता, रानात आपोआप उगवणारी कळलावी. त्या दिवसांत प्रत्येक कुंपणावर ती फुलून पेटलेली असायची, शोधायला लांब जायला नको. चित्रं तपासायला या दोघी. अन्नपूर्णाबाई वयानं आणि मानानं, आणि शरयू चित्रकलेच्या परीक्षा दिलेली, शाळेत चित्रकला शिकवणारी म्हणून.

पडताळ्यासाठी शरयूनं दोन ग्रंथ मागवून घेतले होते. जंगल खात्याच्या कचेरीतला इंग्रजी ग्रंथ जाडजूड, रंगीत. त्यातली कळलावी फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी नटूनथटून बसली होती, फुलं अशी की हात लावावा; पण वेल जमिनीपाशी संपला होता. साहेबानं मातीखाली काही बघितलंच नव्हतं. दुसरा एका वैद्यांच्या घरचा जुना मराठी ग्रंथ. त्यातलं फूल कोबीचा गड्डा वाटावा असं, पानं कुणाचीही चालतील अशी. मात्र खाली कंद मन लावून कोरलेला होता. नांगराच्या फाळासारखे दोन फाटे, त्यांच्यावरचे वळसेसुद्धा दाखवलेले. वैद्याला कामाचं तेवढंच होतं.

बायकांच्या चित्रांत तर मौज होती. मेहकरहून आलेल्या कळलावीला डावीकडे जितकी फुलं तितकीच उजवीकडे, रांगोळीत असतात तशी. मोताळ्याच्या एका बाईनं वेलावर राघू बसवला होता. सकाळपासून दोघी हसत होत्या. हसू थांबलं ते देऊळघाटच्या या दोन कागदांपाशी.

एक कागद शारदाचा. शरयूची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. गेल्या वर्षी तिचं लग्न देऊळघाटच्या रामराव पाटलांशी झालं. रामरावांची पहिली बायको मनकर्णाबाई घरात होती, तिला मूलबाळ नव्हतं. दुसरा कागद त्या मनकर्णाबाईचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण शारदानं सासरी गेल्यावर तिच्या हातात पेन्सिल दिली होती. शरयूच्या वर्गाची पद्धतच शारदानं तिला शिकवलेली दिसत होती. झाड मुळासकट काढायचं, धुवायचं, फळीवर ठेवायचं, दोऱ्यानं मोजायचं आणि आहे तेवढं, आहे तसं काढायचं. रेघ थरथरती होती. चूक एकही नव्हती.

शरयूनं कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शारदाच्या चित्रात फुलं नुकती उमललेली, पाकळ्यांच्या बुडाशी पिवळा रंग. मनकर्णाबाईच्या चित्रात तीच फुलं पूर्ण लाल. कळलावीचं फूल पिवळं उमलतं आणि दिवसागणिक लाल होत जातं, हे शरयूला ठाऊक होतं. म्हणजे शारदानं आधी काढलं, मनकर्णाबाईनं दोन-चार दिवसांनी. तोवर वेल तांब्यात ठेवला असेल.

मग तिची नजर खाली उतरली. शारदाच्या चित्रात कंदाला दोन फाटे होते. मनकर्णाबाईच्या चित्रात एकच. दुसऱ्याच्या जागी सपाट पांढरी चकती होती आणि तिच्या कडेला विळीची तिरपी धार उतरल्याची खूणसुद्धा काढलेली होती.

शरयूनं वैद्यांचा ग्रंथ पुढे ओढला आणि कंदाखालचा मजकूर ओठ हलवत वाचला. बाळंतीण अडली तर कंद उगाळून तळपायाला लावावा, मूल होताच धुऊन टाकावा. पोटात जाऊ देऊ नये. गेल्यास घशाची आग, उलट्या, जुलाब. मात्रा मोठी असेल तर मरण. थोडी थोडी जात राहिली तर माणूस झिजतो, केस झडतात.

"शारदाला कितवा महिना?" तिनं विचारलं.

"सातवा लागला असेल. का गं?"

शरयूनं कागद दाखवले. अन्नपूर्णाबाईंनी या वेळी चष्मा नीट नाकावर घेतला. दोन्ही कंदांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"तुला एक माहीत नसेल," त्या मग आवाज उतरवून म्हणाल्या. "पाटलानं दुसरी केली तेव्हा थोरलीनं एकच मागितलं होतं. पहिलं लेकरू माझ्या ओटीत घालायचं. माझं म्हणून वाढेल. देवासमोर, चार माणसांत शब्द दिलाय त्यांनी. तसा रिवाजच आहे तिकडे."

"आणि शारदा?"

"तिला कोण विचारतंय?"

हे शेवटचं वाक्य शरयूनं ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. लेकरू थोरलीच्या ओटीत जाणार. एकदा ते गेलं की त्याच्या आईची घरात गरज काय? उलट ती असली तर लेकरू तिच्याकडेच झेपावणार. बाळंतपणात बाई गेली तर कोण चौकशी करतं? देवाची मर्जी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कंदाचा तो फाटा कुठल्या डब्यात, कुठल्या फळीवर वाळत ठेवला असेल, याचा विचार मनात आला आणि शरयूनं वैद्यांचा ग्रंथ मिटला.

"चित्रावरून कुणावर आळ घेऊ नको, शरयू."

"आळ नाही घेत. सावध करते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देऊळघाटला जायला बैलांची दमणी करून निघाली. वाटेत दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर कळलावी पेटली होती. इतकी वर्षं तिला त्या फुलांचं कौतुक वाटायचं. आज तिनं पदर पुढं ओढला आणि बैलांच्या पाठी बघत बसली.

रामराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. भारदस्त गडी, मनानं वाईट नाही, पण घरात दोन बायका आहेत म्हणजे दोन बैल आहेत तशी त्यांची समजूत.

"या, या मास्तरीणबाई! आमच्या घरच्यायले बक्षीस भेटलं का काय?"

"बक्षिसाचं मागाहून. आधी तुमच्याशी बोलायचंय."

तिनं सांगितलं. चित्रं, कंद, विळीची खूण, ग्रंथातला मजकूर, सगळं. रामरावांना आधी हसू आलं.

"थोरली असं काऊन करन? मुंगी माराले भेते ती. आन् लेकरू तर तिच्याच ओटीत जाऊन राह्यलं."

"लेकरू जाणारच आहे हो. लेकराची आई राहिली काय, गेली काय, तिचं काय अडणार आहे?"

अडकित्ता थांबला. रामरावांनी दाराकडे पाहिलं. लेकरू पोटात होतं तोवर आईला जपायला हवं, एवढा हिशेब त्यांना चटकन कळला. ते उठले आणि उंबऱ्यातूनच ओरडले,

"आजपासून थोरलीनं चुलीले हात लावाचा नाही! ना आतल्या, ना पडवीतल्या. सगळं रांधणं धाकलीच्या हातानं. आयकलं का?"

आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

शरयूच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, आणि का वाटू नये? एका मुलीचा जीव तिनं नजरेच्या जोरावर वाचवला होता.

माजघरात शारदा सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. पोट चांगलंच दिसत होतं, चेहऱ्यावर तेज होतं. ती उठायला लागली तशी शरयूनं तिला खांदा धरून बसवलं आणि तिच्याजवळ बसून हळू आवाजात सगळं सांगितलं.

"तिच्या हातचं काही घेऊ नकोस. काढा देईल, चाटण देईल, म्हणेल कळा लवकर येतील. घेऊ नकोस. बाळंतपणाला माहेरी जा."

"माहेरी नाही पाठवत," शारदा म्हणाली. "इथंच व्हायला पाहिजे म्हणतात. झाल्या झाल्या ओटीत घालता येतं. मी अंगावर पाजायचं नाही, म्हणजे जीव गुंतत नाही. दुधासाठी गाय आणून बांधलीय मागे. आत्तापासून."

पाढा म्हणावा तसं तिनं हे एका सुरात म्हटलं. शरयूनं शारदाच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाई, तुम्हाला कशावरून कळलं हे?"

"चित्रांवरून. तुझ्या चित्रात कंदाला दोन फाटे आहेत, तिच्या चित्रात एक."

सुपातली बोटं थांबली.

"तिनं कंद काढला?"

"काढला की. कापलेली बाजूसुद्धा."

"मला दाखवलंच नाही. तिचं तिनंच गुंडाळून पाठवलं," शारदा म्हणाली. "मी तिला सांगितलं होतं मुळाचा भाग सोडून दे म्हणून. अवघड असतो."

मग तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला आणि डाळ निवडत राहिली. शरयू तिच्याकडे पाहत होती. मुळाचा भाग सोडून द्यायला तिनं आपल्या वर्गात कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, आणि हे शारदाइतकं कुणाला ठाऊक असणार? हा विचार तिला आला, पण आत कुठं उतरला नाही. बाहेर उन्हं चढली होती. शारदा भिंतीचा आधार घेत उठली. "जेवूनच जायचं, बाई. पाटपाणी घेते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

मागच्या पडवीच्या दारातून मनकर्णाबाई आली. शरयूनं तिला शारदाच्या लग्नात पाहिलं होतं. चांगली हाडापेरानं मजबूत बाई होती. आता लुगडं नुसतं दांडीवर टाकल्यासारखं दिसत होतं. पण डोळे हसरे होते, आणि ते हसू बघून शरयूला राग आला. माणूस वरून असं आणि आतून असं असतं तरी कसं, असं तिला वाटलं.

"बाई, पाह्यलं का माहं चित्र?" मनकर्णाबाई समोर टेकली. "हसू नका बरं. हात थरथरते माहा."

"पाहिलं."

"तो कंद तोडेल होता. मी तसाच काढला. शारदी म्हणे, ते नको काढू. मी म्हटलं, काऊन? तूच तं सांगते, बाई म्हणतात जे हाये ते काढाचं. मंग तोडेल हाये तं तोडेलच काढाव लागन ना?"

जिनं कंद कापला ती तो कापलेला कशाला काढील? एवढी साधी गोष्ट. काल दिवसभर, वाटेत, ओसरीवर, ती शरयूच्या मनात एकदाही आली नव्हती.

"कुणी तोडला होता?" तिनं कसंबसं विचारलं.

"काय मालूम. फळीवर होता तो, शारदीच्या खोलीत."

बोलता बोलता मनकर्णाबाईचा पदर डोक्यावरून घसरला. तिनं घाईघाईनं तो सावरला, पण शरयूनं पाहायचं ते पाहिलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू उघडी पडली होती. कानांमागे तेवढे दोन झुबके उरले होते.

"केस चालले ना, बाई," ती ओशाळून म्हणाली. "फणी लावली का हातात येतात. चित्र काढलं ना, त्या पोयाच्या सणापासून पोटात काईच ठरत नव्हतं. घशात अशी आग का पाणी नको वाटे. शारदीनं लई केलं माहं. रोज पेज करून द्याची, समोर बसून पाजाची. पण गुण नाही. मंग मी म्हटलं, पोटुशी पोर, तिले काऊन तरास? मागं पडवीत दोन दगड मांडले आन् आपलं आपण शिजवू लागली. चार रोजापासून जराक बरं वाटत होतं. आज मालकानं तेबी बंद केलं. काऊन केलं, काय चुकलं माहं, काई समजलं नाही."

शरयूनं पडवीच्या दाराकडे पाहिलं. ज्या दोन दगडांवर ही बाई जगत होती ते आपणच काढून घेतले. आपणच तिला धरून नेऊन त्या पेजेसमोर बसवलं. तिला शारदाचा राग यायला हवा होता, पण तोही धड येईना. मागे गाय बांधली होती. अजून न झालेल्या लेकराला दूध पाजायला बांधलेली गाय. त्या पोरीच्या बाजूनं या घरात एक शब्द बोलणारं कुणी नव्हतं. आज बोलायला आलेली एकटी शरयू, आणि तिनं तिच्या हातात काय दिलं, तर चूल.

शारदा ताट घेऊन आली. शरयूच्या पुढं भाकरी, वरण, वांग्याची भाजी. मग ती परत गेली आणि मोठी वाटी घेऊन आली. ती तिनं मनकर्णाबाईपुढं ठेवली. भाताची पातळ पेज, वर तुपाची धार.

"अक्का, गरम आहे तोवर पिऊन घ्या."

"दे बाप्पा. आता तूच देशील ते," मनकर्णाबाई म्हणाली आणि वाटीकडे हात नेला.

त्याआधी शरयूचा हात गेला. तिनं वाटी आपल्याकडे ओढून घेतली आणि दोन्ही तळव्यांत धरली.

"मला आज भाकरी जाणार नाही. ही मी घेते. अक्कांना माझं ताट दे."

शारदा वाकलेली होती ती तशीच राहिली. शरयूनं वाटी ओठांकडे नेली. शारदाकडे पाहतच नेली. तेव्हा शारदाचा हात झटक्यानं पुढं आला आणि वाटीवर आडवा पडला. पेज तिच्या बोटांवर सांडली, चटका बसला असणार, तरी तिनं हात काढला नाही.

"ती गार झाली, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरी करून देते."

वाटीतून वाफ निघत होती. शारदानं ती काढून घेतली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. राखेवर काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मग वाटी घासल्याचा, विसळल्याचा, पुन्हा घासल्याचा.

मनकर्णाबाई त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण तिथं कुणी विसरून ठेवल्यासारखं ते नुसतं राहिलं होतं. तिनं समोरच्या ताटाला हात लावला नाही. थोड्या वेळानं तिनं पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी घट्ट गाठ मारली.

"बाई, तुमच्या दमणीत एका बाईपुरती जागा हाये काय?"

"आहे. चला."

दोघी ओसरीवर आल्या. रामरावांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"घेऊन चालल्या का तिले? लई चांगलं झालं. बाळंतपण होऊस्तर राहू द्या तिच्या भावाकडं. घरात असला धोका नको. तुमी वेळेवर सांगतलं म्हणून बरं, नाही तं हिनं काय केलं असतं कोण जाणे."

शरयू थांबली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मागं माजघराच्या दारात शारदा येऊन उभी होती. भाजलेली बोटं तिनं पदरात धरली होती, दुसरा हात पोटावर. ती काही मागत नव्हती. रामरावांच्या हातात हे वाक्य पडलं तर तिचं काय होईल, हे शरयूला नुकत्याच ऐकलेल्या त्या आरोळीवरून कळत होतं. आणि पोटातलं लेकरू, ते मग कुणाच्याच ओटीत राहणार नव्हतं.

"दमणी जुंपायला सांगा," शरयू म्हणाली.

अंगणात बैल जुंपले जात होते. मनकर्णाबाई चाकाशी उभी होती. तिनं शरयूकडे नीट पाहिलं.

"म्हंजे चूल तुमी बंद केली माही?"

"हो," शरयू म्हणाली.

मनकर्णाबाईनं मान हलवली. एकदा घराकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग तिनं वर चढण्यासाठी हात पुढं केला, कारण धरायला दुसरं कुणी तिथं नव्हतं. शरयूनं तो हात धरला आणि तिला वर घेतलं.